एजंटांनी सरकारकडे घर घेणाऱ्यांसाठी नेमकं काय मागावं?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीत जागांच्या खरेदी-विक्रीचं काम करतो. महारेराची (राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर आणि एजंटांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी आहे, सक्तीची झालेली परीक्षाही दिली आहे. आमच्याकडच्या एजंट मंडळींत सध्या सरकारला द्यायच्या निवेदनाचा कच्चा मसुदा फिरतो आहे. त्यावर इथल्या जाणत्यांचं मत हवं आहे.

मसुद्यात चार मागण्या आहेत. मुद्रांक शुल्क कमी करा, रेडीरेकनरचे (मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवतं ते जागेचे) दर गोठवा, एजंटाच्या नोंदणीची फी उतरवा आणि बिल्डरने थकवलेली दलाली वसूल करून द्यायची सोय करा. वर मथळा आहे, 'घर घेणाऱ्या सामान्य माणसाच्या हितासाठी'. पहिल्या दोन मागण्यांत ग्राहकाचं हित आहेच. 2020 च्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर मुद्रांक शुल्कात 3 टक्के आणि पुढे मार्चअखेरपर्यंत 2 टक्के सूट मिळाली, तेव्हा लॉकडाउनमध्ये अडकून पडलेली कितीतरी कुटुंबं पुढे आली आणि त्यांनी घरं घेतली. मात्र शेवटच्या दोन मागण्या निव्वळ आपल्या धंद्याच्या आहेत. त्या जरूर मागाव्यात, पण आपल्या नावाने मागाव्यात.

घर घेणाऱ्याच्या नावाने काही मागायचं असेल तर मागणी वेगळी हवी असं माझं मत आहे. बिल्डरच्या साइट ऑफिसमधलं बुकिंगचं टेबल आठवा. समोर कॉस्ट शीट असते. मूळ दर, फ्लोअर राइज, पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, क्लब हाउस, लीगल, जीएसटी, मुद्रांक शुल्क, सगळं ओळीने लिहिलेलं. पलीकडे बुकिंग फॉर्म, त्यावर कोपऱ्यात 'सोर्स' असा चौकोन आणि त्यात चॅनेल पार्टनरचा, म्हणजे बिल्डरची घरं विकून देणाऱ्या एजंटाचा, शिक्का. नवराबायको प्रत्येक आकडा दोनदा विचारतात, पण त्या शिक्क्याबद्दल कधीच विचारत नाहीत. मी त्यांना गाडीतून साइट दाखवायला नेलेलं असतं, त्यांच्या आईला जिना चढताना हात दिलेला असतो, म्हणून ते मला आपला माणूस समजतात. माझे पैसे मात्र बिल्डरकडून येणार असतात. किती येणार हे त्या टेबलावरच्या एकाही कागदावर नसतं.

माझी मागणी अशी आहे. पहिलं घर दाखवण्याआधी एजंटाने एका पानावर लिहून द्यावं की तो कुणाच्या बाजूने काम करतो आहे आणि त्याला कोण किती देणार आहे. कायद्याने सक्ती व्हावी आणि ती मागायला आम्ही एजंटांनीच पुढे व्हावं. चर्चा मोकळेपणाने करा.

हप्तेकरी

उंबरठाभाऊ, तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून मनापासूनच उत्तर देतो. मला एजंट लोकांवर विश्वास ठेवायला जड जातं.

पुण्यात आम्ही घर घेतलं ते एका एजंटामार्फत. 'ओसी पुढच्या महिन्यात येतंय', म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचं महापालिकेचं प्रमाणपत्र, असं तोच सांगत होता. त्या भरवशावर आम्ही भाड्याची जागा सोडली. ताबा मिळाला, ओसी नाही. पाण्याची जोडणी नाही, टँकरचा खर्च सगळ्यांनी वर्गणी काढून भरला. एजंटाला फोन केला तर म्हणाला, 'साहेब, माझं काम बुकिंगपुरतं.' आम्ही काही जण महारेराकडे गेलो. उशिराबद्दल व्याज देण्याचा आदेश आमच्या बाजूने झाला. बिल्डरने पैसे दिले नाहीत म्हणून वसुलीचं वॉरंट निघालं, ते महसूल खात्याकडे गेलं आणि अजून तिथेच आहे. हातात आदेश आहे आणि खात्यातून हप्ता जातोच आहे.

तुमच्या एका पानाने माझं काय बदललं असतं ते सांगा.

ठाण्याची_वकील

हप्तेकरी, तुमचा प्रश्न रास्त आहे. आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, मग त्याकडे येते.

महाराष्ट्रात घर घेणाऱ्यासाठी कायदा नव्हता असं नाही. मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीबद्दलचा राज्याचा कायदा, 1963 सालचा आहे. करार नोंदवण्याआधी बिल्डरने 20 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ नये, सोसायटीला जमिनीची मालकी लिहून द्यावी, हे सगळं त्यात होतं. तुरुंगवासाची तरतूदसुद्धा होती. पण दाद मागायला स्वतंत्र यंत्रणा नव्हती. दिवाणी कोर्ट, ग्राहक मंच नाहीतर पोलीस स्टेशन, एवढेच रस्ते. मग राज्याने 2012 चा गृहनिर्माण कायदा केला. त्याला राष्ट्रपतींची संमती 2014 मध्ये मिळाली आणि तो नीट उभा राहण्याआधीच केंद्राच्या रेराने, म्हणजे बांधकाम व्यवसायाच्या नियमनाच्या कायद्याने, रद्द केला.

रेराचं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत आलं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी किती टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, या एकाच आकड्यावर केवढी ओढाताण झाली बघा. आधी 70 टक्के, तेही सरकारला कमी करता येईल अशा शब्दांत. 2015 च्या दुरुस्त्यांत ते 50 वर आलं. शेवटी मार्च 2016 मध्ये संमत झालेल्या कायद्यात पुन्हा 70 टक्के. एका आकड्यासाठी बांधकाम व्यावसायिकांचे प्रतिनिधी एका बाजूने आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था व फसलेल्या खरेदीदारांचे गट दुसऱ्या बाजूने दिल्लीत झगडत होते. यात एजंटांच्या संघटना घर घेणाऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून उंबरठा म्हणतात ते मला महत्त्वाचं वाटतं.

आता कायदा काय म्हणतो ते. रेराच्या कलम 10 नुसार बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळायला हवीत ती सगळी माहिती आणि कागदपत्रं मिळवून देणं ही एजंटाचीच जबाबदारी आहे. खोटी माहिती देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कलम 62 मध्ये दंड दिवसाला 10 हजार रुपये, घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. हप्तेकरी, तुमचा एजंट 'माझं काम बुकिंगपुरतं' म्हणाला ते कायद्याला धरून नव्हतं. 'ओसी पुढच्या महिन्यात' हे त्याने कागदावर दिलं असतं तर तुमच्या तक्रारीत त्यालाही ओढता आलं असतं. एका पानाचा उपयोग तो आहे.

चावीवाला

मी पण याच धंद्यात, कल्याण-बदलापूर पट्ट्यात. उंबरठा मला ओळखत असतील.

हे कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात काय होईल ते सांगतो. मी पार्टीला तीन रविवार गाडीतून फिरवलं, पेट्रोल माझं. दलालीचा आकडा कागदावर दिसला की ती पार्टी परस्पर बिल्डरकडे जाणार, 'एजंटाचे देणार तेवढे मला कमी करा' म्हणणार. बिल्डर त्यांना थोडं कमी करेल आणि मला काहीच मिळणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या चॅनेल पार्टनरना फरक पडत नाही, त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत. मरेल तो माझ्यासारखा एकटा माणूस. आधीच परीक्षा, प्रशिक्षण, फी. महारेराने 2024 मध्ये सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी स्थगित केली, परीक्षेचं प्रमाणपत्र नाही म्हणून. त्यातले बरेच जण पन्नाशीच्या पुढचे, ऑनलाइन परीक्षेला घाबरणारे. ते काही चोर नव्हते.

उंबरठा

चावीवाला, ओळखतो आणि तुमचं दुखणंही ओळखतो. म्हणूनच ते पान दोन्ही बाजूंनी बांधणारं हवं. 'या एजंटाने मला हा प्रकल्प अमुक तारखेला दाखवला' अशी ग्राहकाची सही त्यावर असेल. मग बिल्डरला तुम्हाला डावलता येणार नाही. आज तुमच्याकडे पुरावा काय असतो? साइटवरच्या रजिस्टरमधली एक नोंद, आणि तेही रजिस्टर बिल्डरचंच. दलाली थकली की आपण त्याच नोंदीसाठी त्याच्या ऑफिसात खेटे घालतो. मसुद्यातली चौथी मागणी या पानातूनच पुरी होते असं मला वाटतं.

परीक्षेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. माणसाची जन्मभराची कमाई आपल्या शब्दावर हलते. कार्पेट एरिया म्हणजे काय आणि ओसी नसलेल्या घरात राहायला गेलं तर काय होतं, एवढं आपल्याला यायलाच हवं. वयस्कर लोकांना मराठीतून जास्त वेळ, जास्त संधी द्या, ही मागणी करू. परीक्षाच नको, ही करू नये.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहते, डोंबिवलीचीच. इथला अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

इथे 1 ऑगस्ट 2024 पासून राज्याचा नवा कायदा लागू आहे. एजंटाने ग्राहकाशी लेखी करार करायचा, आपण कुणाचे प्रतिनिधी आहोत ते सांगायचं, आणि घर विकणाऱ्याने घराच्या अवस्थेची माहिती ठरलेल्या फॉर्मवर द्यायची. छप्पर गळतं का, तळघरात पाणी येतं का, असे प्रश्न त्यात असतात. या कायद्याचा पाठपुरावा एजंटांच्या राज्य संघटनेनेच केला होता. आम्ही घर घेतलं तेव्हा तो फॉर्म वाचून घर गरम ठेवणारी भट्टी जुनी आहे हे आम्हाला सौद्याआधी कळलं.

पण दुसरी बाजूही सांगते. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सने, 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्याला विरोध केला होता. कृष्णवर्णीयांना घर नाकारणं बंद करणारा तो कायदा. त्याआधी 1964 मध्ये कॅलिफोर्नियात तिथल्या एजंटांच्या संघटनेने पुढाकार घेऊन जनमत घडवलं आणि राज्याचा असाच कायदा मतदानाने उलटवला. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1967 मध्ये मतदानाचा तो कौल रद्द ठरवला. राष्ट्रीय संघटनेने माफी मागितली ती 2020 मध्ये. तेव्हाही त्यांची भाषा मालकाच्या हक्काची, स्वातंत्र्याचीच होती. दलालीच्या बाबतीत तर ग्राहकांनी कोर्टात खेचल्यावर 2024 मध्ये 41 कोटी 80 लाख डॉलर देऊन तडजोड झाली आणि मग देशभर लेखी कराराचा नियम आला.

म्हणून संघटनेचा मथळा बाजूला ठेवून प्रत्येक मागणी सुटी वाचावी. ती मान्य झाली तर कुणाच्या खिशात काय पडणार, एवढं बघावं. आणि एक विचारू का? आपल्याकडे अजूनही 'व्हेज फॅमिली ओन्ली', 'अमक्या समाजाला नाही' हे एजंटच फोनवर सांगतात ना? तुमच्या निवेदनात त्याबद्दल काही आहे का?

उंबरठा

नाही, मसुद्यात नाही. सांगितलं जातं हे खरं आहे. मालक सांगतो आणि एजंट पुढे ढकलतो. धर्म, जात किंवा आहार पाहून घर दाखवायला नकार देणार नाही, हे वाक्य त्या पानावर यायला हवं. बैठकीत यावर वाद होईल, तरी मांडतो.

नकाशा

मी वास्तुविशारद. डोंबिवलीचा विषय निघाला आणि त्या 65 इमारतींबद्दल अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

नवीन सभासदांसाठी थोडक्यात: कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या खोट्या परवानग्या तयार करून त्या जोरावर महारेराची नोंदणी मिळवली गेली. लोकांनी रेरा क्रमांक बघूनच घरं घेतली, बँकांनी कर्जं दिली. हे प्रकरण उघडकीला आणणारा माणूस वास्तुविशारद होता. त्याने हायकोर्टात जनहित याचिका केली. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये कोर्टाने इमारती पाडायचा आदेश दिला आणि हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली.

मला तेव्हापासून एक गोष्ट सलते. बांधकाम प्रारंभाचं प्रमाणपत्र महापालिकेच्या आवक-जावक क्रमांकाशी ताडून बघायला आमच्यासारख्याला फार वेळ लागत नाही. सर्व्हे नंबर, सातबारा आणि मंजूर नकाशा शेजारी शेजारी ठेवले की विसंगती दिसते. त्या इमारतींतली घरं विकणाऱ्या एजंटांपैकी कुणी ते ताडून पाहिलं होतं का? आता महारेरा नोंदणी देण्याआधी संबंधित महापालिकेकडून प्रमाणपत्राची खातरजमा करून घेतं, हे चांगलं झालं. पण नुसत्या रेरा क्रमांकावर किंवा जाहिरातीतल्या क्यूआर कोडवर एजंटाने हात झटकू नयेत. तुमच्या पानावर एक ओळ घाला: 'मी प्रारंभ प्रमाणपत्र महापालिकेच्या नोंदीशी पडताळलं आहे / नाही.' दोन्हींपैकी एकावर खूण. 'नाही' वर खूण दिसली की ग्राहक स्वतः जाऊन बघेल.

उंबरठा

नकाशा, या ओळीसाठी तुमचे आभार. त्या इमारतींतले लोक माझ्या दुकानासमोरून रोज जातात. त्यातल्या एकाने मला विचारलं होतं, 'सरकारी वेबसाइटवर नाव होतं, मग आम्ही अजून काय बघायला पाहिजे होतं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही ओळ घालतोच.

चिटणीस_मुलुंड

आमच्या सोसायटीला वीस वर्षांहून जास्त काळ कन्व्हेयन्स, म्हणजे सोसायटीच्या नावावर जमिनीची मालकी, मिळालं नव्हतं. शेवटी मानीव अभिहस्तांतरणाने, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मिळालं. मोफात 2008 मध्ये दुरुस्ती झाली म्हणून हा रस्ता तरी उघडला. त्याआधी बिल्डरने सही केली नाही तर सोसायटीला दिवाणी कोर्टाशिवाय पर्याय नव्हता.

रीसेलचा एजंट आमच्याकडे गिऱ्हाईक आणतो तेव्हा कन्व्हेयन्स झालंय का हे त्याने मला कधीही विचारलेलं नाही. पार्किंग कुठलं, मेंटेनन्स किती, ट्रान्सफर फी किती, हेच. एक जण तर स्टिल्टमधली (इमारतीखाली खांबांमधली) पार्किंगची जागा 'स्वतंत्र विकत मिळेल' असं सांगत होता. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने नहालचंद प्रकरणात सांगितलं आहे की मोफाखाली उघडी किंवा स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. मी निकाल छापून नोटीस बोर्डावर लावला आहे.

माझा प्रश्न वकीलताईंना. रीसेलच्या एजंटाला रेरा लागू होतो का?

ठाण्याची_वकील

काका, अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंत. कलम 9 पाहा. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, विकत असेल तेव्हा मध्ये पडणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. जुन्या इमारतीतला फ्लॅट एक मालक दुसऱ्याला विकतो, तिथे हे कलम पोचत नाही. मुंबई-ठाण्यातल्या जुन्या वस्त्यांत बहुतेक व्यवहार असेच होतात. तिथे एजंट चुकला तर ग्राहक आयोग आहे, करार कायदा आहे, पण परवाना रद्द होण्याचं भय नाही, कारण परवानाच लागत नाही.

म्हणून निवेदनात दोन वेगळे दरवाजे ठोठवा. बिल्डरच्या प्रकल्पांसाठी 'एक पान' आणायला विधानसभेत जायची गरज नाही. महारेराला कलम 37 खाली निर्देश देता येतात आणि कलम 85 खाली विनियम करता येतात. एप्रिल 2024 मध्ये पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारासोबतच्या परिशिष्टात द्यायची सक्ती महारेराच्या आदेशानेच आली. रीसेलसाठी मात्र कायदाच लागेल. केंद्राने कलम 9 दुरुस्त करावं, हा सरळ रस्ता. राज्याने वेगळा कायदा करायचा तर पश्चिम बंगालचं उदाहरण लक्षात ठेवा. त्यांनी रेराला समांतर स्वतःचा कायदा केला आणि सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. पण रेरा ज्या व्यवहारांना हातच लावत नाही तेवढ्यापुरता, फक्त एजंटांसाठीचा कायदा राज्याला करता यावा, असं माझं मत आहे.

हप्तेकरी

वाचतोय सगळं. उंबरठाभाऊ, तुमचं पान चांगलं आहे हे मानतो. पण माझ्यासारख्याचं घर घेऊन झालंय. कलम 40 खाली महारेराचा आदेश महसुली थकबाकीसारखा वसूल व्हायला हवा. शेतकऱ्याची थकबाकी असली तर सातबाऱ्यावर बोजा चढतो. आमच्या बिल्डरची दुसरी साइट जोरात चालू आहे. तिथे तुमचेच बंधू लोक बुकिंग घेतायत. एजंटांना खरंच आमच्यासाठी काही मागायचं असेल तर हे मागा: ज्या बिल्डरवर वसुलीचं वॉरंट थकलंय, त्याच्या नवीन प्रकल्पाची घरं विकायला नोंदणीकृत एजंटाला मनाई. त्याची नवीन विक्री थांबली की आमचे पैसे आठवड्यात येतील.

चावीवाला

हप्तेकरी, ही मागणी जड आहे. बिल्डर ती घरं स्वतःच्या सेल्सवाल्यांकडून विकेल, मार बसेल तो आम्हाला. मनाईऐवजी सांगण्याची सक्ती करा. थकलेलं वॉरंट असेल तर त्याची रक्कम एजंटाने त्या पानावर लिहावी आणि बिल्डरने कॉस्ट शीटवर. ते वाचल्यावर कोण बुकिंग करेल?

हप्तेकरी

बिल्डरच्या कागदावरही येणार असेल तर मला चालेल.

उंबरठा

मग सुधारलेला मसुदा असा करतो. शुल्क आणि फीच्या मागण्या वेगळ्या निवेदनात, संघटनेच्या नावाने. घर घेणाऱ्यांसाठीच्या निवेदनात फक्त हे:

'पहिली जागा दाखवण्याआधी एजंट ग्राहकाला मराठीत सही केलेलं एक पान देईल. त्यात तो कुणाच्या बाजूने काम करतो, त्याला कोण किती दलाली देणार, प्रारंभ प्रमाणपत्र आणि ओसी महापालिकेच्या नोंदीशी पडताळलं की नाही, सोसायटीचं कन्व्हेयन्स झालं आहे की नाही आणि बिल्डरवर महारेराचं वसुलीचं वॉरंट थकीत असल्यास त्याची रक्कम लिहिलेली असेल. थकीत वॉरंटची हीच माहिती बिल्डर कॉस्ट शीटवर देईल. धर्म, जात वा आहारावरून एजंट जागा दाखवणं नाकारणार नाही. जागा दाखवल्याची तारीख आणि ग्राहकाची सही त्याच पानावर असेल. नवीन प्रकल्पांसाठी हे महारेराने आदेशाने लागू करावं. फेरविक्रीच्या व्यवहारांसाठी कलम 9 मध्ये दुरुस्ती व्हावी म्हणून राज्याने केंद्राला शिफारस करावी.'

वकीलताई, भाषा तपासून द्याल का?

ठाण्याची_वकील

देते. दोन बदल लगेच सुचवते. 'कुणाच्या बाजूने' याच्या पुढे 'दोन्ही बाजूंकडून दलाली घेत असल्यास तसं स्पष्ट' हे घाला, रीसेलमध्ये तेच सर्रास चालतं. आणि पानाची प्रत एजंटाने पाच वर्षं जपून ठेवावी असं लिहा. बांधकामातला दोष दुरुस्त करून घ्यायची मुदत ताब्यापासून पाच वर्षांची आहे, तक्रार बहुतेकदा त्याच काळात येते.

चिटणीस_मुलुंड

कन्व्हेयन्सच्या ओळीत 'मानीव अभिहस्तांतरणासह' हे शब्द हवेत, नाहीतर आमच्यासारख्या सोसायट्यांपुढे 'नाही' वर खूण होईल.

चावीवाला

जात-धर्माच्या ओळीवर बैठकीत आरडाओरड होणार, तयारीने या. दलालीच्या आकड्याबद्दल माझी धास्ती अजून गेलेली नाही, पण ग्राहकाच्या सहीची ओळ राहणार असेल तर मी सही करतो. बदलापूरच्या आमच्या चार जणांनाही वाचायला पाठवलंय.

उंबरठा

दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. पाच वर्षांची अटही घातली. स्वच्छ प्रत उद्या इथेच टाकतो. ज्यांना ग्राहक म्हणून पाठिंब्याचं पत्र जोडायचं असेल त्यांनी मला व्यक्तिगत निरोप करा. हप्तेकरी, तुमच्या आदेशाची आणि वॉरंटची प्रत नाव-पत्ता झाकून जोडायला दिलीत तर निवेदनासोबत देईन.